आज काय जमत नाही

सैनिकांच्या अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक निवृत्त फौजी आणि त्याची मुलगी बसली होती.

"बाबा, फॉर्मवर 'अंघोळ स्वतः करतो' असं का लिहिलंत?"

"मग काय, मुलगी घालते असं लिहू?"

"मागच्या वेळीही असंच केलंत. तीसच टक्के मिळाले."

"तेव्हा जिना चढत होतो मी."

"आता उंबरठा ओलांडवत नाही. स्नायू रोज झिजतायत, पण कागदावरचे टक्के आपोआप वाढत नाहीत. आज काय जमत नाही ते सांगावं लागतं."

"गोळी लागली असती तर छाती पुढे काढून सांगितलं असतं. हे काय सांगायचं? पँटचं बटण लावता येत नाही म्हणून?"

"हो, तेच सांगायचं. टक्के वाढले तर मदतनीस मिळेल. मग अंघोळ तो घालेल. मी पाणी ओतते तेव्हा तुम्ही डोळे घट्ट मिटून बसता, ते मला बघवत नाही."

"तुझ्या लक्षात आलंय होय?"

"रोज येतं, बाबा."

आतून त्यांचा नंबर पुकारला.

"सांगतो सगळं. पण तू बाहेरच थांब. तुझ्यासमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही."

"बरं, थांबते."

"आधी मला उठव. आणि दार तेवढं उघडून दे."