यांच्यावाचून अडत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मुख्य कार्यालयातून एवढ्या लांब आलेले माननीय वाळिंबे साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, टेकडीखालच्या गावातून आवर्जून आलेली मंडळी, माझे सगळे सहकारी, आणि शेवटच्या रांगेत बसून 'आवरा आता' अशा खुणा करणाऱ्या आमच्या सौभाग्यवती,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, हा सुरेख पेनही मिळाला. मघापासून चौघांनी जे कौतुक केलं, ते ऐकून हे सबनीस नावाचे थोर गृहस्थ कोण, असं मलाच वाटायला लागलं. पण मंडळी, खरं सांगू? मला हल्ली कौतुकाची भीती वाटते. कौतुकाने माणूस कसा अडकतो, ते मी याच केंद्रात पाहिलंय. नुसतं पाहिलं नाही, मीच अडकवलंय.

तो बघा, दाराजवळ उभा आहे. दिनानाथ तांबे. सगळ्यांना सामोसे मिळाले की नाही हे बघतोय. अहो दिनानाथ, बसा की जरा! आज माझा निरोप आहे, तुमची ड्यूटी नाही.

पंच्याहत्तर साली आपल्या देशाने वर्षभरासाठी एक उपग्रह उसना आणला होता, आठवतंय? तेव्हा हा पोरगा गुलबर्ग्याच्या खेड्यांत टीव्हीचे संच बसवत हिंडत होता. पुढे आपले स्वतःचे उपग्रह आले, इन्सॅटचं सगळं घराणं, आणि त्यांची चित्रं उतरवून घ्यायला या टेकडीवर आपली ही छत्री उभी राहिली. दिनानाथ तिच्याबरोबरच इथे आला. तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. पत्नी जयमालाताई राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांची बदली जिल्ह्याबाहेर होईना, म्हणून याने अर्ज केला, मला कोकणातल्या केंद्रावर पाठवा. एवढीच मागणी. मुंबई नको, दिल्ली नको, माणूस कोकणात जायला मागतोय!

वरून उत्तर आलं, उपग्रह नवीन आहे, जरा स्थिरस्थावर होऊ द्या. तो पहिला इन्सॅट, वन-ए, ब्याऐंशीच्या एप्रिलमध्ये वर गेला आणि सप्टेंबरात संपलासुद्धा. याने पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं, आता दुसरा येईपर्यंत थांबा. त्र्याऐंशीत वन-बी आला. तो मात्र गुणाचा निघाला, अजून राबतोय बिचारा. आता तरी दिनानाथ सुटेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

इथे माझी कामगिरी सुरू होते.

दरवर्षी प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहायचा असतो. मी ठरवलं, या पोराचं असं कौतुक करायचं की वरच्यांना पाझर फुटलाच पाहिजे. लिहिलं, 'अत्यंत कुशल. यांच्यावाचून हे केंद्र एक दिवसही चालणार नाही.' उत्तर काय आलं? 'आपल्याच अभिप्रायानुसार श्री. तांबे यांना मुक्त करता येत नाही.' शहाण्याने तिथेच कान पकडले असते. मी म्हटलं, यांना नीट कळलेलं दिसत नाही. पुढच्या वर्षी आणखी चढवून लिहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. हसू नका, चार वर्षं मी हे केलंय! आणि दरवेळी नकार आला की दिनानाथ मलाच धीर द्यायचा, "जाऊ दे साहेब, तुम्ही मनापासून लिहिलंत. बघू पुढल्या वर्षी."

आपल्या चहावाल्या गोजराबाई समोरच बसल्यात. त्यांना मी एकदा समजावत होतो, उपग्रह पृथ्वीच्या जोडीने फिरतो म्हणून आपल्याला एका जागी दिसतो. बाई म्हणाल्या, "सायब, तो वरचा हालत नाय, न् ह्यो खालचा बी हालत नाय. दोघांना कोनी बांधून ठेवलाय?" बाई, तेव्हा मी हसलो होतो. आज उत्तर देतो. वरच्याचं ठाऊक नाही, खालच्याला मी बांधला.

यंदा मे महिन्यात जयमालाताई लेकीला घेऊन आल्या होत्या. त्यांना बरं वाटेल म्हणून, नियम मोडून, मी तो अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. आणि हात जोडून म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पाया पडते, यांची एवढी स्तुती करू नका हो." मग लेकीचं सांगितलं. गावात टीव्ही लागला की ही सगळ्यांना सांगते, चित्र माझे बाबा पाठवतात. आणि आईला विचारते, "चित्र एवढ्या लांब येतं, मग बाबांना का येता येत नाही?" सात वर्षांची आहे ती. मला मान वर करवेना.

तरी मी लगेच काही केलं का? नाही. जुलैत वन-सी वर गेला, तोही निम्मा लुळा. मनात म्हटलं, आत्ता दिनानाथ गेला तर माझं कसं व्हायचं? माझी निवृत्ती होईपर्यंत राहू दे. भर सभेत खोटं कशाला बोलू, तो इथे असणं माझ्या सोयीचं होतं. त्याची लाज वाटते मला. आणि आता वन-डी यायचाय. म्हणजे परत तेच, हा येऊ द्या, मग सोडतो…

हं, हा अलार्म. सिग्नल गेलेला दिसतोय. दिनानाथ! कुठे निघालात? बसा. बसा म्हणतोय ना! कंट्रोल रूममध्ये स्मिता आहे, आज मी मुद्दाम तिची ड्यूटी लावली आहे. तीन वर्षं तुम्हीच शिकवलंत ना तिला? मग करू दे तिला. गोजराबाई, जरा धरून ठेवा त्यांना.

तर, वाळिंबे साहेब. आज तीस नोव्हेंबर. कार्यालय साडेपाचला बंद होतं, आता पाच वाजून बारा मिनिटं झालीत. म्हणजे अजून अठरा मिनिटं मी या केंद्राचा प्रमुख आहे. जाणाऱ्या अधिकाऱ्याने हाताखालच्यांचे अहवाल लिहून जायचे, असा नियम आहे. मी लिहिलाय. वाचून दाखवतो. 'श्री. दिनानाथ तांबे. काम साधारण. विशेष प्रावीण्य नाही. यांच्यावाचून केंद्राचे काही अडत नाही. बदलीस हरकत नाही.'

दिनानाथ, माझ्याकडे असं बघू नका हो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढा खोटा शेरा मी कोणाबद्दल लिहिलेला नाही.

ऐकताय ना सगळे? अलार्म थांबला. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शाब्बास, स्मिता! म्हणजे त्यातली एक ओळ तरी खरी निघाली, साहेब.

आपण सर्वांनी या तापट माणसाला सात वर्षं सांभाळून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. बोलताना, आणि त्याहीपेक्षा लिहिताना, माझ्या हातून जे चुकलं ते पदरात घ्या. तांबे कुटुंबाकडे मात्र मी क्षमा मागत नाही, तेवढा हक्क मला राहिलेला नाही.

साहेब, या अहवालावर आपली प्रतिस्वाक्षरी लागते. हा घ्या पेन, नवाच आहे, आत्ताच आपल्या हस्ते मिळाला. सही इथे, खाली डाव्या बाजूला. आपण करेपर्यंत मी असाच उभा आहे.