बाक कुणी काढले?

दाताच्या दवाखान्यात इंजिनीअरबाई तोंडात कापसाचा बोळा धरून बसल्या होत्या. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर त्यांनीच आखलेल्या हिरव्या वाटेचा नकाशा मांडीवर गुंडाळून ठेवला होता. शेजारी आजी-आजोबा कुजबुजत होते. दोघांचे कान जड, त्यामुळे कुजबूज सगळ्या खोलीला ऐकू जात होती.

“सभेत काय ठरलं?”

“वाट होणार. दुतर्फा झाडं. आपल्या मागच्या दारापासून थेट तुझ्या बहिणीच्या घरापर्यंत.”

“अगंबाई! मग मी रोज जाईन.”

“जिना चढताना दोनदा टेकतेस तू.”

“टेकत टेकत जाईन. मध्ये बाक असतीलच की.”

“बाक काढले. निधी कमी पडला. झाडं की बाक म्हणाले, आणि झाडं ठेवली.”

“झाडाला काय टेकायचं? ती अजून गुडघ्याएवढी असणार.”

“मी घडीची खुर्ची घेऊन तुझ्या मागनं येईन.”

“इश्श! लोक हसतील.”

“हसू देत.”

“आणि तुमचा खांदा? भाजीची पिशवी उचलवत नाही तुम्हाला.”

आजोबांनी खांदा चोळला.

“बाक कुणी हो काढले?”

“ऑफिसातल्या कुणी बाई आहेत. सभेला आल्या नव्हत्या.”

“मग बाकीच्यांना तरी विचारायचंत, तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस नाही का म्हणून!”

“विचारणार होतो. मी खुर्चीतून उठेपर्यंत सभा संपली.”

आजी इंजिनीअरबाईंकडे वळल्या.

“कसला हो नकाशा, बाई?”

तोंडातल्या बोळ्याकडे बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. इंजिनीअरबाईंनी बोळा काढून मुठीत धरला.