बूट काढू नकोस

—नाही, नाही, बूट काढू नकोस. आत कोण बोलावतंय तुला? दारातच उभा राहा. निकेत नाहीये. निकेत इथे राहतच नाही — सोडून गेला, कुठे गेला ते मला माहीत नाही. हो, दोरीवरचा शर्ट त्याचाच, मग? शर्ट राहतो, माणूस जातो. तुझ्याआधीच्या दोघांनाही हेच सांगितलं. एक तर टाय लावून आला होता, भर मे महिन्यात — आमच्या बेव्हर्ली पार्क सोसायटीतली कुत्रीसुद्धा आता टायवाल्यांना ओळखतात. तू निदान साध्या शर्टात आलास. काळी बॅग मात्र तीच. तुम्हा वसुलीवाल्यांना बॅग काय बँकच वाटते का रे?

थांब, मधे बोलू नकोस. वय काय तुझं, तीस? लोकांच्या दारावर थापा मारत फिरायचं, हा काय धंदा झाला? निकेत तुझ्याच वयाचा — माझा भाचा, पाचवीपासून या घरात वाढतोय — म्हणजे वाढला. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत निवड झालीय त्याची. आता चौकशी व्हायचीय. मोठा साहेब येणार, सरकारी गाडीतून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार — मुलगा कसा, संगत कशी, देणं किती. देणं कशाला विचारतात? तुला नाही कळायचं ते. कर्जात रुतलेला माणूस विकत घेता येतो, असं धरून चालतात ते. उद्या कोणी चार नोटा पुढे केल्या की हा खात्यातलं गुपित देऊन बसायचा. थकबाकी दिसली की फाईल बाजूला, मग परीक्षेत पहिला का आला असेना. आणि तो साहेब यायच्या वेळेला नेमका तू इथे बॅग घेऊन उभा. म्हणून म्हणतो, निघ.

कसलं देणं म्हणून मलाच विचारतोस? नाटकं बघा याची. तुमच्याच क्रेडिट कार्डाचं. भाईंदर स्टेशनबाहेर छत्री लावून बसलेल्या तुमच्याच पोराने गळ्यात मारलं. नाव निकेतचं घातलं, कारण पगार त्याचा होता — माझी कंपनी तेव्हा बंद पडलेली. वापरलं मी. वर्ल्ड कपसाठी टीव्ही घेतला. टीम पहिल्याच फेरीत घरी आली, टीव्ही राहिला, हप्ते राहिले. मग रसिकाच्या साखरपुड्याचा हॉल — मुलगी आहे माझी, एकुलती एक, हॉल नको करू? निकेतला यातलं काही ठाऊक नाही. बँकेची पाकिटं मी खालच्या टपालपेटीतूनच उचलतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे मी. सही? घरातल्या घरात सहीचं काय घेऊन बसलास. त्याने परवा सरकारी फॉर्मवर ‘देणं नाही’ असं लिहिलं, ताठ मानेने लिहिलं. मी समोरच चहा पीत बसलो होतो. म्हटलं, लिहितोय तर लिहू दे.

आता खिशातून काय काढतोस? ओळखपत्र? ते टायवाल्याकडेही होतं, लॅमिनेशन केलेलं. आण इकडे. चष्मा — हां.

हे तीन सिंह — सरकारी —

बसा ना. बसा, साहेब. तुम्ही आधी सांगायचंत तरी — नाही, मीच बोलू दिलं नाही तुम्हाला. गाडी कुठे लावलीत? रिक्षाने. हो, रिक्षाने येतातच की माणसं. मघाशी जे म्हणालो ना मी, ते वरच्या मजल्यावरच्या निकेतचं. म्हणजे — वर तर पाण्याची टाकीच आहे. साहेब, पोरगा सोन्यासारखा आहे, त्याला खरंच काही माहीत नाही, तेवढं फक्त — रसिका, खुर्ची आण. आतली, चांगली खुर्ची. बूट असू देत साहेब, बुटांसकट या, घर तुमचंच आहे.

साहेब.

लिफ्ट बंद आहे. जिन्यात दिवा नाही — जपून उतरा.