लाल बरी की हिरवी

...आणि हे सगळं होऊन गेल्यावर लोक मलाच विचारतात, 'सर, पण दोघींतली बरी कुठली हो?' म्हणजे बघा. अकरा वर्षं मी दुसरं काय करत होतो? तुम्हाला सांगतो, माझ्या शेडमध्ये दोन जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या होत्या, एक लाल, एक हिरवी, आणि त्यांतली बरी कुठली हे ठरवता ठरवता मी त्रेसष्टाचा चौऱ्याहत्तराचा झालो. गाड्यांचं काय, त्या आधीपासूनच जुन्या... असो. माझंच काहीतरी चुकत असेल.

आता तुम्ही म्हणाल, पण दोन कशाला? रास्त प्रश्न आहे, आमच्या घरात तो रोज विचारला जायचा. स्पोर्ट्‌स गाडी म्हटली की लोकांना वाटतं, हा कोण जहागीरदार लागून गेलाय. तसं नाही हो. या गाड्या मास्तरालाही परवडतात, कारण विकणाऱ्याला पैशापेक्षा जागा मोकळी व्हायला हवी असते. निवृत्त झालो आणि लाल घेतली. उघडी, दोनच माणसांची, वर कापडी छत, लाकडी स्टिअरिंग. घेतली, निघालो, आणि अर्ध्या वाटेत मनात आलं, तिच्या शेजारी ती हिरवी उभी होती, पत्र्याच्या छताची, काचेची उतरती पाठ असलेली... ती घ्यायला हवी होती का? चार महिने जेवण गोड लागेना. शेवटी तीही आणली. लोक शंका फिटावी म्हणून पुस्तक आणतात, मी गाडी आणली. दोघी एकाच कारखान्यातल्या, इंजिन एकाच जातीचं, सख्ख्या बहिणीच म्हणा ना, एकीने केस मोकळे सोडलेले, दुसरीने घट्ट बांधलेले.

आता दोन वस्तू शेजारी ठेवल्या की माझ्यासारखा माणूस काय करणार? मी संख्याशास्त्र शिकवलं, चौतीस वर्षं. माझी डॉक्टरेट चुकांवर आहे. मोजताना माणसाच्या हातून चूक कशी होते, यावर तीनशे चाळीस पानं. तेव्हा मी नियम घातला. एका महिन्यात एकच गाडी चालवायची. दुसरीवर कापड, तिला हात लावायचा नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, कारण बघितलं की मन तिकडे झुकतं आणि निरीक्षणात खोट येते. महिना संपला की मेकॅनिक येणार, एकीला झोपवणार, दुसरीला उठवणार. मी त्या वेळी मुद्दाम घरात बसायचो. बॉनेट उघडलेलं बघितलं तर माझं मत दूषित होईल, ही भीती.

हा मेकॅनिक म्हणजे... हा बोलत नाही. हा 'हं' म्हणतो. 'हिरवी जरा खोकते आहे का?' 'हं.' 'की माझेच कान वाजताहेत?' 'हं.' अकरा वर्षं आमचा संवाद असा चाललेला, आणि तुम्हाला सांगतो, मला तो फार आवडायचा. माझ्याशी इतकं सहमत होणारा माणूस मला विद्यापीठात भेटला नाही.

आणि वही. सगळं वहीत. 'लाल : कालव्याकाठच्या चढावर हसते.' 'हिरवी : चढ चढते, पण मनापासून नाही.' हसू नका, त्या वेळी मला ते अगदी खरं वाटायचं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आम्ही दोघं निघायचो, मी आणि ही, गाव मागे पडायचं, मग कालव्याचा रस्ता, दोन्हीकडे उंच झाडं, आणि उन्हाच्या तिरप्या पट्ट्या रस्त्यावर पसरलेल्या, त्यांवरून गाडी अशी जायची... ऊन, सावली, ऊन, सावली... लाल असली की वारा थेट डोक्यावरून, हिचा रुमाल फडफडतोय, पाण्याचा वास येतोय, कुठेतरी कुणी गवत कापलंय त्याचा वास येतोय. हिरवी असली की सगळं काचेपलीकडे, मुकं, आपण एखाद्या शिंपल्यात बसून वाहत चाललोय असं, आणि आत नुसता जुन्या चामड्याचा आणि गरम तेलाचा वास. मला वाटायचं, हेच बरं. पुढच्या महिन्यात वाटायचं, छे, तेच बरं. माझंच काहीतरी चुकत असेल.

तर असं सुरळीत चाललं असतं. पण मुलीने घर बदलायचा विषय काढला. जिने चढणं आता आम्हाला झेपत नाही, हिचा गुडघा, माझी छाती, सगळं कबूल. मुलगी म्हणाली, 'बाबा, नव्या घराला पार्किंग एक आहे.' मी म्हटलं, 'एक म्हणजे किती मोठं?' 'एक म्हणजे एक, बाबा. तुम्ही संख्याशास्त्र शिकवलंत ना?' तिला मीच शिकवलंय.

म्हणजे एक जाणार. कायमची. आणि कुठली, ते मी सांगायचं. चूक झाली तर दुरुस्तीला आता अकरा वर्षं कुठून आणू? जी राहील ती आमची शेवटची गाडी. वही काढली, पानं मोजली, लालची गुणसंख्या आणि हिरवीची गुणसंख्या यांत फरक आला पाव टक्क्याचा. पाव टक्क्यावर माणूस गाडी सोडतो का?

गिऱ्हाईक आलं. दातांचे डॉक्टर, सौम्य गृहस्थ, इतके सौम्य की भीती वाटते. 'तुम्ही द्याल ती घेईन,' म्हणाले. बघा, हे असं बोलणं म्हणजे छळच की नाही? मी म्हटलं, 'तुम्हीच निवडा.' तर म्हणाले, 'बरं. मग दोन्ही एकदम चालू करा. शेजारी शेजारी आवाज ऐकतो.'

दोन्ही एकदम.

अकरा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. इतकं सोपं. मी मनातल्या मनात म्हटलं, हा माणूस दात काढत कुठे बसला, हा माझ्या विभागात हवा होता. महिना हिरवीचा होता. हिरवी सुरू केली, गुरगुरली, छान. लालवरचं कापड काढलं, किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. डॉक्टरांनी खिशातून छोटा टॉर्च काढला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, 'जरा उघडा बघू.'

उघडलं. तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गाडीचं बॉनेट उघडलं. आत, जिथे कार्बोरेटर असायला हवा, तिथे भोक. त्याच्यातून खालची फरशी दिसत होती, आणि फरशीवर उन्हाचा एक छोटासा कवडसा पडलेला. बॅटरी नाही. प्लग नाहीत. डॉक्टर म्हणाले, 'बरेच गेलेत.'

मला वाटलं, चोरी. मेकॅनिकला फोन केला, म्हटलं, 'लालमधलं सगळं चोरीला गेलंय.' तो म्हणाला, 'हं.' आला. आणि मग तो बोलला. सलग बोलला.

'सर, हिरवीचा कार्बोरेटर पहिल्याच वर्षी गेला. दुसरा मिळेना. तुम्हीच म्हणालात, एका महिन्यात एकच चालवणार, दुसरीला हात लावणार नाही. मी म्हटलं, मग एकच पुरे की. महिना संपला की यातला काढायचा, त्यात बसवायचा. मग बॅटरीही एकच ठेवली. प्लगही. वायपरही.'

'अरे, पण मला सांगायचं नाही?'

'सांगितलं होतं, सर. तुम्ही लिहीत होतात. म्हणालात, थांब, आधी एवढं वाक्य पुरं करतो.'

कुठलं वाक्य, ते मी नंतर वहीत शोधलं. 'हिरवीच्या इंजिनाचा स्वभाव लालपेक्षा मूलतः भिन्न आहे.' हे ते वाक्य. म्हणजे अकरा वर्षं मी एका गाडीची तुलना तिच्याशीच करत होतो. चुकांवर डॉक्टरेट मिळवलेला माणूस. माझंच काहीतरी... नाही, इथे 'असेल' म्हणायला जागा नाही.

मेकॅनिक म्हणाला, 'जी विकाल तिच्यात सगळं बसवून देतो. राहील ती चालणार नाही. सामान मिळेल, पण वर्ष जाईल. दोनही जातील.' आता आली का पंचाईत? आजवर प्रश्न होता, चालायला बरी कुठली. आता प्रश्न झाला, उभी राहायला बरी कुठली. डॉक्टरांना तर बंद गाडी देता येत नाही, मास्तराला ते शोभत नाही. त्यांना रविवारी सकाळी दहाला या म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी ही भाजी निवडत बसली होती. मी वही घेऊन समोर. म्हटलं, 'अगं, तुला काय वाटतं?'

तिने मान वर केली नाही. 'कशाबद्दल?'

'गाड्यांबद्दल. दोघींतली कुठली?'

'अकरा वर्षांनी विचारताय.'

खरं होतं. वहीत वाऱ्याची नोंद आहे, तेलाची आहे, एकदा काचेवर बसलेल्या माशीची आहे. शेजारच्या सीटवरच्या बाईची नाही. मी तिला निरीक्षणातून वगळली होती, हो, मुद्दाम, घरचं माणूस तटस्थ नसतं म्हणून.

'मग आता सांग ना.'

'अहो, मला कुठलीही चालायची. चालू असली की तुम्ही इंजिनाचं ऐकत असायचात. मी एकदा कालव्यापासून घरापर्यंत माझ्या बहिणीचं सगळं लग्न सांगितलं, भांडणासकट. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, तिसऱ्या गिअरमध्ये काहीतरी कुरकुरतंय.'

ती कुरकुर मला आठवत होती. लग्न आठवत नव्हतं.

'उभीच राहणार असेल ना,' ती म्हणाली, 'तर उघडी ठेवा. बंद गाडीत बंद कशाला बसायचं?'

झालं. अकरा वर्षांचा निकाल, मेथीची जुडी संपायच्या आत. रविवारी डॉक्टर हिरवी घेऊन गेले. वळणावर तिने गिअर बदलला, अगदी मनापासून बदलला हो. ती चूक होती का? असेलही.

लाल नव्या घरी टोइंगच्या गाडीवरून आली. पार्किंग उघड्यावर आहे, भिंतीला लागून, वर एका झाडाची फांदी आलेली. काल संध्याकाळी पाच वाजता ही म्हणाली, 'चला.' मी म्हटलं, 'कुठे? ती चालत नाही.' 'माहीत आहे.' गुडघा धरून ती हळूहळू आत उतरली, रुमाल बांधला, मी कापडी छत मागे टाकलं. वर आभाळ. पानं पडताहेत मांडीवर. ना इंजिन, ना कुरकुर. कुठल्या तरी मजल्यावर कपडे वाळत होते, ते हलायचे, आणि तुम्हाला सांगतो, ते हलताना बघून मला वाटायचं की आपणच चाललोय... ऊन, सावली, ऊन... आणि ही बोलत होती. बहिणीचं लग्न पहिल्यापासून सांगत होती, आणि मी ऐकत होतो. भांडण फार चांगलं होतं हो. मी ते कसं काय सोडलं?

मंडप उतरवतात तिथपर्यंत आलो असू, इतक्यात वॉचमन आला. वाकून बघितलं, म्हणाला, 'काका, बंद पडली का? धक्का देऊ?'

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ही म्हणाली, 'नको रे बाबा. इतक्या वर्षांनी आत्ता कुठे हे थांबलेत.'

मी हँडब्रेक तपासला. ओढलेलाच होता.