पुतळ्याचं नाक

नाही हो, आत नका जाऊ — बाबा झोपलेत. झोपलेत म्हणजे पडलेत, भिंतीकडे तोंड करून. ती मापाची पट्टी पिशवीतच राहू द्या. बसा, पाणी घ्या. स्मारक समितीनं पाठवलंय ना तुम्हाला? अध्यक्ष सकाळीच येऊन गेले — "गावाचं नाक कापलं गेलंय पोरी, रविवारच्या कार्यक्रमाआधी बसवायलाच हवं!" त्यांचं काय जातंय, भाषण ठोकायचं आणि मोकळं व्हायचं.

आता तुम्ही म्हणाल, शिल्पकारानं चेहरा बघायला नको का? नको. नाहीतर असं करा ना दादा — दुसरंच नाक बसवा. कुणाचंही. तुमचं स्वतःचं बसवा! हसू नका, खरंच सांगतेय. दफनभूमीतल्या त्या चौथऱ्यावर सात नावं आहेत, वाचलीत? सातही बाबांचे मित्र. एकाच तुकडीत लढाईला गेले सगळे, आणि परत कोण आलं? एकटे बाबा. मग समितीला पुतळा हवा झाला, आणि तोंड कुणाचं द्यायचं? — सात घरांत भांडणं लागली असती — बाबा आयतेच सापडले. "तू बस रे, सगळ्यांचा मिळून एक." नाही कसं म्हणणार? तेवीस वर्षांचं पोर, जिवंत राहिल्याची लाज घेऊन आलेलं. बसले. खिडकीपाशी, स्टुलावर, हनुवटी वर करून.

खाली त्यांची नावं, वर यांचा चेहरा. त्या सातजणांच्या आया दगडाच्या गालांवरून हात फिरवायच्या, फुलं ठेवायच्या — आणि परतीच्या वाटेवर तेच गाल भाजीची पिशवी घेऊन समोर उभे! काय बोलायचं त्यांनी? काय बोलायचं यांनी? कुणी काही बोलायचंच नाही, तेच वाईट. बाबांनी बाजार सोडला, पोस्टातली खिडकी सोडली, टपाल निवडायची मागची खोली मागून घेतली. मला शाळेत पोरं विचारायची, तुझे वडील आहेत की गेलेत? गंमत बघा, आता मी त्या पुतळ्याहून वयानं मोठी आहे. कंटाळा आलाय हो — मेलेल्यांचा नाही, त्यांना असं मिरवायचा. त्यांना मरायला का पाठवलं हे रविवारी कुणी विचारत नाही, नाक कुठे गेलं तेवढं विचारतात.

पोरांनी दगड मारला म्हणतायत ना? मीही तेच म्हणते. आमच्याच — जाऊ द्या. आमच्या हातोडीचा दांडा ढिला झालाय, आणि बाबांच्या बाहीवरची पांढरी भुकटी दोनदा धुतली तरी... ऐकलंत? बरं, ऐकलंत तर ऐकलंत. मग कळेल तरी, का म्हणतेय मी की यांचा चेहरा परत लावू नका! एकदाचं सुटू द्या त्या माणसाला.

मलाही सोपं नाहीये हे. बेकरीवाल्याची आई — त्या आयांमधली आता तेवढीच उरलीय, डोळे गेलेत, बोटांनीच ओळखते. दुसरं नाक बसवलं तर तिच्या बोटांना लगेच कळेल, हेही खरं. काल मीच तिला हात धरून नेलं. बोटं फिरत फिरत आली आणि मधेच थांबली. "कुणी मारलं गं माझ्या लेकराला?" काय सांगू? म्हटलं, दुरुस्त करणारेत, आजी. घरी पोचेपर्यंत तेच — फार लागलं का त्याला, रक्त आलं का. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही हं मी. सांगणारही —

बाबा? कधी उठलात? ... नाही, काही नाही, निघालेतच ते. बाबा, तुम्ही आत चला. अहो, स्टूल कशाला ओढताय — खिडकीपाशी नको, ऐका ना माझं — बाबा —

...

दादा, बघत काय बसलात? हनुवटी वर धरलीय त्यांनी. काढा ती पट्टी. माप घ्या आणि जा.