छोट्या दगडांची रांग

नको नको, फुलं आत नेऊ नका, बाई — आमच्यात कबरीवर फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात, आईने सांगितलं नाही वाटतं — असू दे, त्या बाकावर ठेवा, जाताना घेऊन जा. नाव काय म्हणालात? आडनाव राहू द्या, या जुन्या भागात आडनावाने कोणी सापडत नाही, दगडावर नुसतं नाव आणि बापाचं नाव. फायवेल? रिव्हिंग्टन स्ट्रीटवर पोरांना शिकवायचे ते गुरुजी? तुमचे आजोबा. बरं. बरं बरं. बसा जरा, लांब आहे ते, आणि माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. घरी काय सांगितलंय — कसे गेले? पायऱ्यांवरून पडले. बरोबर आहे. पडलेच ते.

मी ओळखायचो का? अहो, मी त्यांच्याकडे शिकायला होतो. झेलिग माझं नाव — आईने कधी घेतलं नसेल, ती तेव्हा पाळण्यात होती. मी मिन्स्कहून आलेला, बाप बोटीवरच खोकून खोकून मेला, आई दिवसभर कोटांना बटणं लावायची आणि रात्री रडायची — नाही, उगाच सांगतो, रडायचीही नाही, तेवढी ताकद कुठे होती. गुरुजी माझ्याकडून फी घेत नसत. वर आणि त्यांच्या वाटणीचा पाव मला. ‘आधी खा, मग चुका कर,’ म्हणायचे. आणि चुका केल्या की कान असा पिरगाळायचे — पण हळू. बाकीच्या पोरांचा जोरात.

आणि दुसरीकडे मोटके. मासळीच्या दुकानावर खोली होती त्याची, तीन-चार धटिंगण कायम जिन्यात बसलेले. त्याला कोण ओळखत नव्हतं! दारूबंदी लागली आणि हा माणूस फुगला. तुम्हाला वाटत असेल बंदुका, पाठलाग — छे! मोटकेने कधी पिस्तूल काढलेलं मी पाहिलं नाही. त्याचं डोकं चालायचं. दारू बंद, पण आम्हा ज्यूंना शब्बाथच्या पूजेतल्या वाइनची सूट होती ना — प्रार्थनाघराच्या गुरुजींनी आपल्या सभासदांची यादी द्यायची, सरकारने माणशी वाइन द्यायची. मग काय, मोटकेने सिनेगॉगच काढलं! मासळीच्या वर, दोन बाकं आणि एक दिवा. गुरुजी कुठून आणायचा? मी आणला. हो, मीच. त्यांच्याकडे हिवाळ्यात कोळसा नव्हता, बायको बाळंतीण — तुमची आजी — मी म्हटलं, गुरुजी, काही भले लोक नवं सिनेगॉग काढतायत, तुम्ही फक्त सही करायची. त्यांनी केली. वाचली नाही यादी. माझ्यावर विश्वास, दुसरं काय.

यादीत नावं कोणाची? इथलीच की! मोटके म्हणाला, ‘जिवंत माणूस उद्या वाटा मागतो, पंडिता. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही — जा, लिहून आण.’ पंडित म्हणायचा मला, कारण त्याच्या टोळीत दगडावरची अक्षरं वाचता येणारा मी एकटा. किती फुगलो होतो मी तेव्हा! जिन्यातले ते धटिंगण उठून मला वाट द्यायचे. मला! तर आलो इथे वही घेऊन. जानेवारी होता, बर्फ ढोपरापर्यंत, हातमोजे नाहीत. मोठ्या दगडांवर लांबलचक मजकूर — अमका सज्जन, तमका धर्मशील — एकेक नाव शोधता शोधता बोटं काळीनिळी. चाळीसेक झाली, हवी होती साठ. मग ती तिकडची रांग दिसली, कुंपणाला लागून. छोटे दगड. छोट्या दगडावर मजकूर कमी असतो ना — नाव, बापाचं नाव, संपलं. भराभर उतरवली वीस.

कळलं होतं हो मला, मुलांची रांग आहे ते. एवढा काही मी खुळा नव्हतो. पण थंडी वाजत होती.

मग वसंतात सरकारी माणूस आला. लाल चेहऱ्याचा, पण स्वभावाने वाईट नव्हता. गुरुजींना इंग्रजी येत नाही, म्हणून मध्ये मी दुभाषा. मोटके कोपऱ्यात टोपी घालून भक्तासारखा बसलेला. साहेब विचारतो, हे सगळे तुमचे लोक? मी विचारलंच नाही गुरुजींना, परस्पर सांगितलं — हो. मग साहेबाने यादी त्यांच्यापुढे धरली, आणि एका नावावर बोट ठेवलं. आता साठ नावं होती, बाई. साठ! बोट पडायचं होतं ते कुठे पडावं? ‘शिमेन, फायवेलचा मुलगा.’ गुरुजी वाकले, वाचलं. फायवेल काय, गल्लीत सात होते, मला काय ठाऊक! त्यांचा मोठा मुलगा फ्लूच्या साथीत गेलेला, नऊ वर्षांचा, आई आणि मी या देशात यायच्या आधी — माझ्यापाशी त्याचं नाव कधी काढलं नव्हतं त्यांनी. हो, तुमचा मामा. तेही सांगितलं नव्हतं घरी?

साहेब म्हणतो, कोण हा? गुरुजी आमच्या भाषेत म्हणाले, माझा मुलगा. मी सांगितलं — त्यांचा मुलगा. कुठे असतो? गुरुजी म्हणाले, मातीत. मी सांगितलं — दुकानात, साहेब, टोप्यांच्या दुकानात कामाला आहे. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही — रागावले असते तर बरं झालं असतं. आणि मग एक शब्द त्यांना इंग्रजी येत होता, साथीच्या वर्षी शिकले असतील, दवाखान्यात. तो बोलले. मेला. मग एकेका नावावर बोट ठेवत गेले — हाही मेला असेल, हाही — आणि आमच्या भाषेत म्हणाले, यांना वाइन नको, साहेब, यांच्यासाठी कद्दीश, मेलेल्यांची प्रार्थना, म्हणणारं कोणी हवं.

परवाना गेला. झालं.

आता — आता तुम्ही उठा हवं तर. नाही? रात्री मोटकेने मला बोलावलं. ओरडला नाही. हेरिंग मासा पुढे केला, कांदा कापून दिला, म्हणाला, ‘पंडिता, त्याच माणसाच्या पोराचं नाव यादीत गेलंच कसं?’ चूक माझी होती ना — कोणाची होती? पण जिन्यात ते धटिंगण, आणि मला माझी आई दिसायला लागली, बटणं लावताना. मी म्हटलं, गुरुजींनीच घातलं ते. मुद्दाम. त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, म्हटलं, तुम्हाला अडकवायचं होतं त्यांना. मोटके चावत राहिला. मग म्हणाला, बरं, सकाळी कधी बाहेर पडतात ते? आणि मी — त्याने मारलं नाही हो मला, धमकीसुद्धा दिली नाही — मी आपणहून सांगितलं. शुक्रवारी उजाडताना स्नानाला जातात, तळघरातल्या हौदावर, एकटे. पायऱ्या ओल्या असतात, हेही सांगितलं. कोणी विचारलं होतं?

अंत्ययात्रेला मी नवा कोट घालून गेलो. मोटकेने दिलेला. आजीने तुमच्या मला जवळ घेतलं — म्हणाली, तुझ्यावर त्यांचा फार जीव होता, झेलिग. ऊबदार होता हो कोट.

रडू नका. नाही, रडा, तुमचा हक्क आहे, मी कोण सांगणार. लोक मला म्हणतात, तेव्हा तू पोर होतास. सांगितलंय कोणाला? कोणालाच नाही — मीच म्हणतो, मनात. पण गुरुजींनीच शिकवलं होतं ना मला: तेरा पुरी होईपर्यंत मुलाचं पाप बापाच्या माथी, नंतर ज्याचं त्याच्या. त्या महिन्यात मला तेरा पुरी झाली म्हणून त्यांनीच मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं, धर्मग्रंथ वाचायला, मी एक अक्षर चुकलो नव्हतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी. त्याला अकरा दिवस झाले होते, बाई. अकरा. बारा दिवस आधी मोटकेने विचारलं असतं तर बापाच्या माथी गेलं असतं, आणि तो तर समुद्रात.

ते कुंपणाजवळ आहेत. मोठ्या माणसांत जागा होती, पण आजी म्हणाली मुलाशेजारी. म्हणून त्या रांगेत तेवढा एकच दगड मोठा आहे, चुकायचं कारण नाही. जा तुम्ही. मी इथवरच येतो.