दोन दारांमधली कुंडी

जास्त पाणी? छे हो ताई, काहीतरीच काय! रविवारी सकाळी चहाचा एक कप, तोही काठोकाठ नाही — बास. घायपाताला पाणी लागत नाही हे मला काय आज कळतंय? आईनं ऐकवून ऐकवून कान किटवले होते. उलट मला वाटलं, वाळलं की काय बिचारं. बघा ना, एकेक पान कसं ताठ असायचं, जिन्यानं येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाह्या ओढायचं, आणि आता सगळी अंग टाकून बसलीत. पिवळीही पडायला लागलीत खालून. ते ना? ते खोडरबर. हसा, हसा, सगळेच हसतात. पोरांच्या डोळ्यांत जाईल म्हणून आई प्रत्येक पानाच्या टोकाला रबराचा तुकडा खुपसायची. माझं चष्म्याचं दुकान आहे, मी म्हणायचो, आई, असू दे की, एखादं गिऱ्हाईक तरी मिळेल — तर लाटणं घेऊन मागे लागायची. तर ते जाऊ दे. तुम्ही नर्सरीवाल्या, तुम्ही फक्त ही पानं उभी कशी करायची तेवढं सांगा. खत द्यायचं का? काठ्या लावू?

काय म्हणता, ओली? बघू. अरे — हा तर चिखल आहे नुसता. नाही, पाऊस नाही येत, जिन्यातल्या मधल्या जागेत असते ती, ऊनही जेमतेमच पोचतं. आमची ही? ती त्या कुंडीकडे बघतसुद्धा नाही, एकदा साडी फाटलीये तिची. मग कोण घालणार? मजल्यावर दारं दोनच. एक आमचं, आणि समोरचं — समोरचं धाकट्याचं. माझ्या भावाचं हो. कुंडी दोघांच्या मध्ये. पण तो नाही घालणार. त्याचा काय संबंध? आम्ही बोलत नाही. आई गेली तेव्हापासून.

नाही, भांडण असं नाही — म्हणजे इस्टेटीवरून वगैरे नाही, आहेच काय आमच्याकडे. आई हॉस्पिटलात होती. मशीनवर. डॉक्टर म्हणाले, आता शरीर नुसतं मशीन चालवतंय, आई त्यात नाहीत, तुम्ही ठरवा. धाकटा कामासाठी परगावी गेलेला, फोन लागेना. किती वेळा लावला असेल! वाट पाहिली, पाहिली — ती कशी दिसत होती ते तुम्हाला नाही सांगत मी. तिच्या हातावर सुया टोचायला जागा उरली नव्हती, एवढंच सांगतो. शेवटी म्हटलं, काढा. तिचा हात धरून उभा होतो. आणि संध्याकाळी हा आला, पाठीवर पिशवी तशीच, आणि सगळ्या नातेवाइकांच्या देखत मला म्हणाला — ‘मला विचारायचंस तरी, दादा. तू आईला मारलंस.’ विचारायला तू होतास कुठे? असं मी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. तोंडच उघडलं नाही. ते जे मिटलं ते मिटलंच. आता जिन्यात समोर आला की तो मोबाइलमध्ये बघतो, मी किल्ल्या शोधतो. किल्ल्या हातातच असतात.

पण सकाळी त्याचं दार वाजलं की मला कळतं हं. खोकतो आधी. मग चपला. मी आत दाढी करत असतो, तो खाली उतरेपर्यंत नळ बंद ठेवतो. का म्हणजे — नीट ऐकू यावं म्हणून. गेले काही दिवस खोकल्यानंतर जरा वेळ जायचा मध्ये, चपला वाजायच्या नाहीत. मला वाटायचं, कुलूप लागत नसेल... तेव्हाच पाणी घालत असणार. हो ना? आणि रविवारी वर माझा कप.

अहो थांबा, कापू नका ती चिंधी! थांबा. मी बांधलेली नाही ती. मधली पानं पडू नयेत म्हणून बांधलीत कुणीतरी, मऊ कापडानं, गाठ आत ठेवून — मला दिसलीच नव्हती. ही गाठ बघा. उलटी आहे. तो डावखुरा. बुटांची नाडी बांधायला मी शिकवलं त्याला, समोर बसून, तर जे मी उजवीकडून करायचो ते त्याच्या हाताला भलतीकडून गेलं. शाळेत चिडवायचे त्याला. मी म्हटलं, सुटत नाही ना? मग झालं. आता बाइंडिंगच्या कारखान्यात आहे, पुस्तकांचे गठ्ठे अस्सेच बांधतो. कापू नका, मी सोडवतो. मला येते ती.

हं. बोला. स्पष्ट बोला, मला चालतं... मूळ सगळंच? गाभासुद्धा मऊ लागतोय. म्हणजे नाही उभी राहणार आता. नाही, कळलं. कळलं हो. पिलं? ही बुडाशी फुटलेली दोन? एवढीशी? जगतील म्हणता — कोरडी ठेवून, वाळू घालून, मग उन्हात. करा. वेगवेगळ्या कुंड्यांत? ते — ते मी एकट्यानं कसं सांगू. किती वाजले, ताई?

अरे देवा. तो बाहेर आला असेल एव्हाना. मी पहाटे कुंडी चादरीत गुंडाळून टॅक्सीत घातली न् आलो निघून. जिन्यात नुसती ओली चकती राहिली असेल बुडाची, आणि हा हातात पाणी घेऊन उभा. काय वाटलं असेल त्याला? त्याला वाटणार, दादानं टाकून दिली. याही वेळी परस्पर. आणि खोटं काय आहे त्यात? उचलली आणि आणली. समोरचं दार वाजवायला दोन पावलं जायचं होतं.

तुमचा फोन देता का जरा? माझा नंबर बघून नाही उचलायचा तो. त्याचा पाठ आहे मला. हं, वाजतोय. हातमोजे काढू नका तुम्ही, फोन मी धरतो.

हॅलो — मी बोलतोय. दादा. अरे, नाही टाकली. माझ्यापाशीच आहे, नर्सरीत आणलीये. हो, न सांगताच. चुकलंच. ऐक — ऐकतोयस ना? ती नाही वाचत रे. दोन पिलं आहेत, त्यांचं काय करायचं ते... तुला विचारायचं होतं. हॅलो?

नाही, कट नाही झाला. काही बोलत नाहीये. पण ठेवतही नाहीये. तुम्ही जा ताई, त्या बाई रोपं घेऊन ताटकळल्यात, त्यांचं बघा. मी आहे इथेच.